सिद्राम तोलार आणि अडतीस किलो वाळू

या, अशा जवळ या. एक पाय दारात, एक पाय बाहेर ठेवून उभं राहिलात तर मी सांगायचं काय आणि तुम्ही ऐकायचं काय. सहा-सहा महिने तोंड दाखवत नाही, फोन केला की "येतो, येतो", आणि आलात की आधी घड्याळ बघता. ठेवा ती पिशवी खाली. चहा टाकलाय. आणि येताना जिन्याखाली एका माणसानं तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत बघून काही आकडा सांगितला असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. तो सिद्राम. तुमचं वजन सांगत होता. त्याचा आकडा चुकत नाही, एवढंच दुःख आहे.

सिद्राम आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी पहिल्यावर. जुळे सोलापुरात ही चार मजली इमारत उभी राहिली तेव्हा सांगितलं होतं, लिफ्ट नंतर बसेल. त्या "नंतर"ची वाट बघता बघता माझे केस पांढरे झाले. सिद्राम मार्केट यार्डात तोलार होता. शेतकऱ्याचा कांदा काट्यावर घालायचा आणि वजन पुकारायचं, हे त्याचं काम. चाळीस वर्षं केलं. काम सुटलं तेव्हा यार्डातला एक मोडीत काढलेला, पोती मोजायचा काटा टेम्पोत घालून घेऊन आला आणि जिन्याखाली बसवला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओरड झाली. सिद्राम म्हणाला, "तुमच्या सायकली उब्या हायत तसा माजा काटा उबा हाय. चारा मागतोय व्हय?"

काटा राहिला. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या बायका जिन्याखालून जाताना पोट आत ओढून जातात.

त्याची दोन वाक्यं ठरलेली. एक, "बारदान धरून." बारदान म्हणजे रिकामं पोतं. मालाचं खरं वजन काढायचं तर पोत्याचं वजा करावं लागतं. सिद्रामच्या हिशेबी माणसाचे कपडे, चपला, दागिने, सगळं बारदान. आणि दुसरं, "काटा बोलतो, मी न्हाई."

माझ्या नातीला बघायला टेंभुर्णीहून पाहुणे आले होते. मुलाची आई भारदस्त, हातभर बांगड्या, काठापदराची साडी. जिन्याखाली सिद्राम उभा. त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, "चौऱ्याऐंशी. बारदान धरून."

बाई थबकल्या. "काय म्हणालात?"

"साडी, डागिनं, चप्पल आनि हातातली पिशवी. दोन किलो वजा करा की."

मी वरून ऐकत होते. आता स्थळ गेलं म्हणून मी देवाचं नाव घेतलं. पण बाईंनी काय केलं असेल? सरळ काट्यावर चढल्या. काटा बोलला, चौऱ्याऐंशी. मग त्या वर आल्या आणि पोह्यांची दुसरी बशी नको म्हणाल्या. लग्न झालं. आज त्या विहीणबाई मला फोन करतात तेव्हा माझी चौकशी नंतर, आधी विचारतात, "तुमचा तो काट्यावाला काय म्हणतोय?"

आणखी एक खोड. सिद्राम मोजताना "एक" म्हणत नाही. माप घालणाऱ्यांची जुनी रीत आहे, पहिल्या मापाला "लाभ" म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. यार्डात ते शोभतं. हा जिना चढतानाही तसाच मोजतो. दवाखान्यातही तेच. डॉक्टर नवे होते, त्यांनी विचारलं, शुगरची गोळी किती घेता? सिद्राम म्हणाला, "सकाळी लाभ, रात्री दोन." डॉक्टर बराच वेळ त्या लाभ नावाच्या गोळीचा कागद शोधत होते.

हसू नका. पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट आता सुरू होते.

या माणसाला तरुणपणापासून डोंगराचं वेड. आता सोलापुरात डोंगर कुठला? रस्त्यावरचा स्पीडब्रेकर सोडला तर आमच्याकडे दुसरा उंचवटा नाही. पण संक्रांत होऊन गेली, यार्डातली कांद्याची गर्दी ओसरली की सिद्राम आणि त्याचे दोन-तीन जोडीदार एसटीनं पार सह्याद्रीपर्यंत जायचे. पायात साध्या चपला, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ती भाकरी आठ दिवस टिकते, आणि सिद्राम म्हणतो तसं, वाटेत कुत्रं आडवं आलं तर फेकून मारायलाही बरी. खांद्यावर पोती वाहिलेला गडी, तो गड पळत चढायचा.

मग यार्डात नवे काटे आले. खुर्चीत बसून आकडे बघायचे आणि पुकारायचं. बसून बसून सिद्राम फुगत गेला. डोंगर सुटले. मग एकदा, बारा वर्षं झाली असतील, त्याच्या बायकोनं हट्ट धरला. कस्तुरा तिचं नाव. सांगोल्याकडची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली, अंगानं काडी. ती म्हणाली, "जल्मभर डोंगराच्या गोष्टी ऐकवता. एकदा दावा की मला." तरुणपणी त्याचा राजगड तेवढा राहून गेला होता, म्हणून दोघं तिथंच गेली. गुंजवण्याच्या बाजूनं, जिथं शेवटी उभा कातळ आहे आणि लोखंडी कठडे धरून चढावं लागतं.

कस्तुरा शेळीसारखी पुढं गेली. सिद्राम निम्म्यात एका दगडावर बसला तो बसलाच. छाती भात्यासारखी चाललेली. कस्तुरा पार कठड्यापर्यंत पोचली होती, वरून हाक मारली, हा उठेना. तेव्हा ती खाली आली. "तू जा, बगून ये," तो म्हणाला. ती म्हणाली, "एकटीनं वर जाऊन काय बगू?" आणि दोघं परत फिरली.

हे मला सिद्रामनं सांगितलेलं नाही. कस्तुरानं सांगितलं, तेही हसत हसत, भाकरी थापता थापता. तिच्या लेखी ती गंमत होती. सिद्रामच्या लेखी नव्हती. त्या दिवसापासून त्यानं डोंगराचं नाव काढलं नाही.

तर तो काटा जिन्याखाली बसवला त्या दिवशी सिद्राम सगळ्यात आधी स्वतः त्यावर उभा राहिला. फक्त लुंगी नेसून, म्हणजे बारदान जवळजवळ नाहीच. एकशे बारा. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाला, "आक्का, चाळीस वरसं लोकांची वजनं पुकारली. सवताचं कधी बगितलं न्हाई."

"मग आता काय करणार?"

"त्या दगडापत्तुर जायाचं. आनि तितनं फुडं."

आणि खरोखर मागे लागला. स्वयंपाकघरात छोटा काटा आला. भाकरी मोजून, चटणी मोजून. लग्नाला गेला तर बुंदीचा लाडू खिशातल्या काट्याला लटकवून बघायचा, अर्धा मोडून ताटात ठेवायचा आणि वाढप्याला सांगायचा, "पन्नास ग्रॅम म्हनला होतास. साट हाय." वाढपी त्याला बघितलं की पलीकडच्या पंगतीत पळायचे.

कस्तुरा एकदा वैतागली. "माजी भाकरी काट्यावर घालता? उद्या मलाच घाला."

त्यानं घातली. आणि जिन्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारलं, "शेचाळीस. बारदान धरून." कस्तुरा तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते एवढंच, "साडी सहा वार हाय. नीट वजा करा."

आता पोत्याची गंमत. सिद्रामचं एक किलो वजन उतरलं की तो ज्वारीच्या रिकाम्या पोत्यात एक किलो वाळू मोजून घालायचा. पोतं बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी. पाहुणे आले की ओळख करून द्यायचा, "हे आमचे थोरले. आदी माज्या अंगावर ऱ्हायाचे, आता येगळे ऱ्हातेत." दिवाळीला त्या पोत्याला हळदीकुंकू लावलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय.

दोन वर्षांत थोरले अडतीस किलोचे झाले आणि सिद्राम चौऱ्याहत्तरचा. गालफडं बसली, मान लांब झाली, जुने शर्ट खुंटीवर टांगल्यासारखे लोंबायला लागले. मग त्यानं ते पोतं पाठीवर बांधलं आणि जिना चढायला लागला. पहाटे. बहात्तर पायऱ्या वर, बहात्तर खाली, दहा वेळा. लाभ, दोन, तीन. माझ्या दारावरून जाताना चोवीस-पंचवीसचा आकडा असायचा. मला गजराची गरज उरली नाही.

त्याच सुमारास कस्तुराचे गुडघे गेले. आधी उजवा, मग डावा. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं म्हणजे तिला अर्धा तास, कठडा धरून, आडवी आडवी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, वाटी बदलून टाकू. ऑपरेशनचा विषय निघाला की ही उठून भाकरी थापायला जायची. "माजं काय अडलंय? मला कुटं गड चढायचाय?" असं म्हणायची. सिद्राम तेव्हा खिडकीबाहेर बघायचा.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. पण वजाबाकी मला येते. एकदा सिद्राम माझ्या दारात दम खायला थांबला, पोतं उतरवून. मी त्याला मदत करायला गेले तर ते मला हलेना. म्हटलं, "सिद्राम, तुझे थोरले जड झाले की रे."

"न्हाई ओ आक्का. बारदान धरून हाय."

"बारदान एवढं असतं होय? चल, घाल काट्यावर. काटा बोलू दे."

त्याचा नाइलाज झाला. काटा बोलला. शेचाळीस.

मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं चपलेकडे. अडतीस किलो त्याचे. वरचे आठ कुणाचे? आणि शेचाळीस हा आकडा आख्ख्या जिन्यानं ऐकला होता.

"तू कस्तुराला पाठीवर घेऊन गड चढणार आहेस?"

"हळू बोला की."

"एकसष्ट वर्षांचा आहेस."

"पन्नास किलोची पोती व्हायलीत मी, आक्का. ही तर शेचाळीस. आनि ती माज्यासाठी खाली उतरली वती," तो म्हणाला. "वर पोचलेलं मानूस खाली उतरलं वतं. ते वजन कुटं धरायचं, सांगा?"

मी त्याला ताक दिलं. त्यानं पेला हातात धरून अंदाज घेतला, "दोनशे गिराम," आणि प्यायला.

मग त्यानं प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय कापले, नायलॉनचे पट्टे शिवून घेतले आणि पाठीवरची खुर्ची तयार केली. कस्तुरानं ती बघितली आणि कमरेवर हात ठेवले. "मी काय कांद्याचं पोतं हाय?"

"कांद्याचं असतं तर यवडी खुर्ची केली असती व्हय?"

ती आठ दिवस नाही नाही म्हणाली. नवव्या दिवशी मला विचारायला आली, गडावर जाताना कुठली साडी बरी.

माघात आम्ही जीप करून निघालो. मी सोबत, कारण कस्तुरा म्हणाली, आक्का खाली बसायला आल्या तरच मी येते. गुंजवण्यात एका घराच्या ओसरीवर मी बसले, समोर गड. एवढा उंच दगड देवानं कशाला केला असेल, असं मला वाटून गेलं. मी म्हटलं, "सिद्राम, ओसरीवरचे लोक सांगतात, पालीकडून पायऱ्यांची वाट आहे. सोपी आहे."

"माजा दगड या वाटंवर हाय," तो म्हणाला. तोलार माणूस, ज्या काट्यावर घट आली त्याच काट्यावर भरून काढणार.

कस्तुरा पाठीशी पाठ लावून खुर्चीत बसली, तोंड आमच्याकडे. ती अशी मागं मागं बघत डोंगर चढत गेली आणि मला हात हलवत राहिली. "लाभ, दोन, तीन," तो मोजत होता. गडावर निघालेली पोरंपोरी वाट सोडून बाजूला उभी राहिली.

पुढचं मी बघितलं नाही, कस्तुरानं सांगितलं. दर पन्नास पावलांना तो टेकत होता. पाणी पीत होता, पण मला खाली ठेवा म्हटलं तरी ठेवत नव्हता. असं करत करत दगड आला. तोच. त्यानं तिला त्या दगडावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. बसला नाही.

मग दोघांनी वर बघितलं. कातळ उभा, पायाखाली खोबण्या, दोन्ही हातांनी कठडा धरायचा. पाठीवर माणूस घेऊन तिथं जाता येत नाही, हे बारा वर्षांपूर्वी तो तिथपर्यंत पोचलाच नव्हता म्हणून त्याला ठाऊकच नव्हतं. कस्तुराला ठाऊक होतं. ती पोचली होती.

"आदी का न्हाई सांगितलंस?" तो म्हणाला.

"तुमी दोन वरसं भाकरी मोजून खाल्ली, पोतं घेऊन जिना चढला. कुठल्या तोंडानं सांगू?"

तो पट्टे परत बांधायला लागला. "मग चल खाली. एकट्यानं वर जाऊन मी तरी काय बगू?"

तेव्हा कस्तुरा चिडली. ती चिडते तेव्हा आवाज खाली जातो. म्हणाली, "त्या टायमाला मी खाली आले ती माजी चूक. दोघांपैकी एकानं तरी बगायला पायजे वतं. आता तीच चूक तुमी केली तर परत घरी भाकरी मागू नका. जावा. मी हितं बसते."

तो गेला. मोठ्यानं मोजत गेला, तिला ऐकू यावं म्हणून. आकडे ऐकू यायचे बंद झाले तरी ती मनात मोजत राहिली.

अडीच तासांनी परत आला. तिनं विचारलं, "काय वतं वर?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "दगड हायत. वारा हाय. सोलापूरचं ऊन बरं, म्हनावं असं हाय."

संध्याकाळी ओसरीवर मीही विचारलं. मलाही तेच सांगितलं. "काय बगन्यासारखं न्हाई ओ, आक्का. उगं लोक नाव करतेत." आणि गुळाचा चहा न मोजता प्यायला. तेव्हाच मला संशय आला.

पण कस्तुराला संशय नव्हता, तिला पक्कं ठाऊक होतं. दगडावर बसली होती ना, तेव्हा वरून उतरलेल्या दोन पोरी तिच्याजवळ पाणी प्यायला थांबल्या. हसत होत्या. एक म्हणाली, "आजी, वर एक काका आहेत, भारी आहेत. गडावर आल्यापासून सगळ्यांना धरून धरून दाखवतायत. हा तोरणा, तो सिंहगड, तो पुरंदर. हे तळं बघा, ते ढग बघा. डोळे पुसतायत आणि दाखवतायत."

हे तिनं मला जीपमध्ये कानात सांगितलं. पुढच्या सीटवर सिद्राम मान टाकून झोपला होता. चाळीस वर्षांत ज्यानं गुंजभर खोटं वजन पुकारलं नाही, सोयरिकीचीसुद्धा भीड धरली नाही, त्यानं आख्खा राजगड शून्य भरला होता. का, ते तुम्हाला मी सांगायला नको.

"त्याला सांगितलंस, तुला कळलं म्हणून?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "जल्मात एकदा खोटं बोललेत. ऱ्हाऊ द्या की तेवढं."

सोलापूर आलं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कस्तुरा आडवी आडवी जिना उतरून माझ्याकडे आली. म्हणाली, "आक्का, त्या डॉक्टरला फोन लावा. गुडघ्याचं करून टाकू."

"आता कसं काय सुचलं?"

"वर काय न्हाई म्हनतेत," कस्तुरा म्हणाली. "ते काय न्हाई, ते एकदा माज्या डोळ्यानं बगायचंय."

दोन्ही गुडघे झाले. थोरल्यांचं पोतं आता टीव्हीशेजारी नाही. सिद्रामनं वाळू तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत कुंड्यांत वाटून टाकली, प्रत्येक कुंडीत मोजून. माझ्या तुळशीला सव्वा किलो आली. आणि रोज संध्याकाळी दोघं जिन्यात असतात. कस्तुरा कठडा धरून, सिद्राम तिच्या एक पायरी खाली, हात तिच्या पाठीमागं धरून, पडलीच तर झेलायला. ती पाऊल टाकते, तो मोजतो, "लाभ." दुसरं टाकते, तो म्हणतो, "लाभ." दोनवर जातच नाही. मी दारात खुर्ची टाकून ऐकत बसते. चोवीस पायऱ्या झाल्या की दोघं माझ्याकडे टेकतात, कस्तुरा माझ्याकडे बघून डोळा बारीक करते, आणि तो विचारतो, "काय हासताय दोगी?" आम्ही काही सांगत नाही.

पुढच्या माघात जायचं ठरलंय, या खेपेला पालीच्या वाटेनं. त्याच्या आत तुम्ही परत या, उगीच सहा महिने लावू नका. संध्याकाळी साडेपाचला या म्हणजे दोघंही भेटतील. जिन्याखाली काट्यावर निमूट उभे राहा, आकडा ऐका, आणि वर या. मी भाकरी टाकते. माझ्या घरात कुणी काही मोजत नाही.